धाराशिव जिल्ह्यातील भित्तिजल-स्थापत्य : तुळजापूरचे गोमुख व नळदुर्गचा पाणीमहाल यांच्या विशेष संदर्भात

सारांश

भिंतीवर बसविलेली शोभेची कारंजी ही आधुनिक गृहसजावटीतील नवी वस्तू आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक भिंतीतून पाणी वाहते करण्याची कला भारतात व भारताबाहेर फार जुनी असून धाराशिव जिल्ह्यात तिची दोन अत्यंत महत्त्वाची उदाहरणे आजही पाहावयास मिळतात. पहिले तुळजापूर येथील श्री तुळजाभवानी मंदिराचे गोमुख तीर्थ आणि दुसरे नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहाल. प्रस्तुत लेखात या दोन वास्तूंचे स्वरूप, त्यांमागील जलशास्त्र आणि त्यांची सद्यःस्थितीतील निगा यांचा विचार केला आहे. त्याचबरोबर, वारंवार दुष्काळाला सामोऱ्या जाणाऱ्या जिल्ह्यात शोभेसाठी पाणी वापरावे काय, या प्रश्नाचे उत्तर या वास्तूंच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : भित्तिकारंजे, गोमुख, जलचादर, पाणीमहाल, बोरी नदी, बालाघाट, जलव्यवस्थापन.

प्रस्तावना

पाणी आणि माणूस यांचा संबंध केवळ तहानेपुरता मर्यादित नाही. पाण्याचा आवाज, त्याचा गारवा आणि त्याची हालचाल यांचे माणसाला आदिम काळापासून आकर्षण आहे. ज्या प्रदेशात पाणी मुबलक आहे तेथे हे आकर्षण नदीकाठी सहज पुरे होते. परंतु ज्या प्रदेशात पाणी दुर्मीळ आहे तेथे ते घडवून आणावे लागते. म्हणूनच जगातील उत्तमोत्तम कारंजी इराण, मध्य आशिया, स्पेनचा दक्षिण भाग, राजस्थान आणि दख्खन अशा कोरड्या प्रदेशांत निर्माण झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

धाराशिव जिल्हा हा मराठवाड्याच्या नैर्ऋत्य भागातील अवर्षणप्रवण जिल्हा आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळापासून ‘उस्मानाबाद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे ‘धाराशिव’ झाले. टँकर, चारा छावणी आणि स्थलांतर हे शब्द येथील जनजीवनाला नवे नाहीत. शेजारच्या लातूर शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते, ही घटना या परिसराच्या पाणीस्थितीवर पुरेसा प्रकाश टाकते. अशा जिल्ह्यात आज नव्या बंगल्यांच्या दिवाणखान्यात, उपाहारगृहांत आणि कार्यालयांच्या दर्शनी भागात भिंतीवरील कारंजी दिसू लागली आहेत. त्यांच्याकडे कोणी हौस म्हणून पाहतो, तर कोणी उधळपट्टी म्हणून. या दोन्ही दृष्टींच्या पलीकडे जाऊन या प्रकाराची परंपरा आणि त्याचे शास्त्र समजून घेणे आवश्यक आहे.

भित्तिकारंज्याची संकल्पना व प्रकार

मोकळ्या हौदाच्या मध्यभागी वर उसळणारे कारंजे आणि भिंतीवरील कारंजे यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या प्रकारात पाण्याला दाब देऊन गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवावे लागते. दुसऱ्या प्रकारात पाणी उंचीवर आणून सोडले की पुढील काम गुरुत्वाकर्षणच करते. पहिल्याचा आस्वाद चहूबाजूंनी घेता येतो, तर दुसऱ्याचा एकाच बाजूने. त्यामुळे भित्तिकारंज्याला जागा कमी लागते व ते इमारतीचाच एक भाग बनते.

रचनेच्या दृष्टीने भित्तिकारंज्याचे तीन प्रकार करता येतात. पहिला ‘मुखधारा’. यात भिंतीतून बाहेर आलेल्या प्राण्याच्या मुखातून किंवा पन्हळीतून पाण्याची एकच धार खालच्या कुंडात पडते. दुसरा ‘जलचादर’. यात पाणी दगडाच्या उतरत्या अथवा उभ्या पृष्ठभागावरून पातळ थराने घरंगळत खाली येते. तिसरा ‘जलपडदा’. यात पाणी भिंतीच्या माथ्यावरून सुटते आणि भिंतीला स्पर्श न करता तिच्यापुढे पडद्यासारखे कोसळते. आजच्या बाजारात मिळणारी शहाबादी फरशी, काच, तांब्याचा पत्रा किंवा फायबर यांची कारंजीही याच तीन प्रकारांपैकी एकात बसतात.

प्रत्येक प्रकाराला चार अंगे असतात. ती म्हणजे पाण्याचा उगम, पाणी सोडणारे मुख, भिंतीचा पृष्ठभाग आणि पाणी झेलणारे कुंड. या चारांना पाचवे अंग जोडणे अगत्याचे आहे, ते म्हणजे कुंडातून पुढे जाणाऱ्या पाण्याची वाट. जुन्या वास्तूंचे मोठेपण या पाचव्या अंगात आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

परंपरेचा व्यापक संदर्भ

भारतीय मंदिरवास्तूत गर्भगृहातील अभिषेकाचे पाणी बाहेर नेण्यासाठी भिंतीत प्रणाल बसविण्याची पद्धत आहे. हे प्रणाल गोमुखाच्या किंवा मकरमुखाच्या आकाराचे असते. महाराष्ट्रातील यादवकालीन मंदिरांतही अशी प्रणाले आढळतात. नेपाळमधील काठमांडू खोऱ्यात जमिनीखाली पायऱ्या उतरून जाण्याच्या कुंडांमध्ये भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी मकरमुखांतून पाणी वाहते. त्यांना तेथे ‘हिती’ म्हणतात. पाटण येथील मंगा हिती सहाव्या शतकातील मानली जाते. म्हणजेच सार्वजनिक नळाचे काम आणि शिल्पाचे सौंदर्य यांचा मेळ आशिया खंडात फार पूर्वीच घातला गेला होता.

इस्लामी स्थापत्यात भित्तिकारंज्याला ‘सलसबील’ असे नाव आहे. हा शब्द कुराणात स्वर्गातील झऱ्यासाठी आला आहे. सिसिली बेटावरील पालेर्मो येथील झीसा राजवाड्यात बाराव्या शतकातील अशी रचना आजही पाहावयास मिळते. मोगलांनी या कल्पनेला ‘चादर’ हे रूप दिले. कोरीव नक्षीच्या उतरत्या शिळेवरून पाणी सोडले म्हणजे ते फेसाळते व प्रकाशात चमकते. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील ‘सावन’ आणि ‘भादों’ या संगमरवरी मंडपांत पाण्याच्या पडद्यामागे लहान कोनाडे ठेवले आहेत. त्यांत दिवसा फुलदाण्या व रात्री दिवे ठेवीत असत. श्रावण आणि भाद्रपद या पावसाळी महिन्यांची नावे या मंडपांना देण्यात आली. पाऊस वर्षभर जवळ असावा ही आकांक्षा त्यांत दिसते.

महाराष्ट्रात औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील पाणचक्की हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. शहराबाहेरच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणून, उंच भिंतीवर चढवून ते खालच्या हौदात सोडले आहे. त्याच पाण्याच्या जोरावर पीठ दळण्याचे जाते चालत असे. शोभा आणि उपयोग यांची येथे फारकत झालेली नाही. आदिलशाहीची राजधानी विजापूर आणि तिच्या पूर्वेस असलेले कुमटगी येथील जलमंडप पाहिले असता, तलावाचे पाणी उंचावरून नळांनी आणून मंडपात तुषार उडविण्याचे तंत्र दख्खनमधील कारागिरांना अवगत होते, असे दिसून येते. नळदुर्गचा पाणीमहाल याच आदिलशाही वातावरणात घडला.

तुळजापूरचे गोमुख तीर्थ

श्री तुळजाभवानीचे मंदिर बालाघाटच्या डोंगरावर असूनही ते माथ्यावर नाही. महाद्वारातून आत आल्यावर भाविकाला पायऱ्या उतरत खाली जावे लागते. या उतारावर कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ ही दोन जलस्थाने आहेत. कल्लोळ हे पायऱ्यांचे कुंड आहे, तर गोमुख तीर्थात दगडी गोमुखातून पाण्याची धार अखंड पडते. तेथे स्नान करून किंवा हातपाय धुऊन भाविक निंबाळकर दरवाजातून देवीच्या दर्शनाला जातात. ही धार गंगेचीच आहे अशी श्रद्धा आहे. कल्लोळात सर्व तीर्थे एकत्र आली, अशी कथाही सांगितली जाते.

श्रद्धेला बाधा न आणता या पाण्याचा भौगोलिक विचार करता येतो. मराठवाड्याचा बहुतेक भाग लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. हे खडक एकावर एक थरांनी रचले गेले आहेत. काही थर घट्ट व अभेद्य, काही भेगाळलेले व सच्छिद्र, तर दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचा पट्टा असतो. डोंगरमाथ्यावर पडलेले पावसाचे पाणी भेगांतून झिरपत जाते. खाली घट्ट थर लागला की ते आडवे सरकते आणि उतारावर जेथे तो थर उघडा पडतो तेथे पाझराच्या रूपाने बाहेर येते. बालाघाटच्या उतारांवरील अनेक झऱ्यांचे कारण हेच आहे. उतारावरील खोलगट जागा मंदिरासाठी व तीर्थांसाठी निवडण्यात हा अनुभव उपयोगी पडला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे.

गोमुखाच्या आकारामागेही व्यावहारिक कारण आहे. पाण्याला पृष्ठभागाला चिकटून राहण्याचा गुण असतो. किटलीची तोटी नीट नसेल तर चहा तिच्या खालच्या अंगाने ओघळतो, हा सर्वांच्या नित्य अनुभवाचा विषय आहे. भिंतीला नुसते भोक ठेवले तर पाण्याचा मोठा भाग भिंतीवरूनच ओघळेल. परिणामी चुना विरघळेल, शेवाळ धरेल आणि पायाशी ओल मुरेल. गाईच्या मुखाचा पुढे आलेला ओठ पाण्याला भिंतीपासून वीतभर किंवा अधिक दूर नेऊन सोडतो. त्यामुळे धार स्वच्छ सुटते, भिंत कोरडी राहते आणि माणसाला धारेखाली ओंजळ धरता येते. मांगल्याचे प्रतीक आणि बांधकामाची गरज एकाच दगडात साधली गेली आहे.

आणखी एक गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. स्थिर कुंडात एकामागून एक शेकडो माणसे उतरली तर पाणी झपाट्याने गढूळ होते. गोमुखाखाली मात्र प्रत्येकाच्या वाट्याला नवे पाणी येते. शारदीय नवरात्र व अश्विन पौर्णिमेच्या काळात तुळजापुरात लोटणारा जनसमुदाय पाहता, सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मुखधारेचे महत्त्व सहज ध्यानात येते.

नळदुर्गचा पाणीमहाल

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, तुळजापूर तालुक्यात बोरी नदीच्या काठी नळदुर्गचा किल्ला उभा आहे. परंपरा त्याचा संबंध नळराजाशी जोडते. कल्याणीच्या चालुक्यांच्या प्रदेशातील हे ठाणे पुढे बहामनी व त्यानंतर आदिलशाही सत्तेकडे आले. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १५८० ते १६२७ या काळात, येथे बोरी नदीवर दगडी बांध घालण्यात आला. या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. तेथील फार्सी शिलालेखाच्या आधारे बांधाचे काम १६१३ चे मानले जाते आणि त्याचे श्रेय मीर महंमद इमादीन या स्थापत्यविशारदाला दिले जाते. १६८६ मध्ये विजापूर पडल्यानंतर हा प्रदेश मोगलांकडे व पुढे निजामाकडे गेला. १८५३ च्या तहाने नळदुर्गचा मुलूख काही वर्षे इंग्रजांच्या ताब्यात आला व १८६० मध्ये तो निजामाला परत करण्यात आला. या काळात येथे अधिकारी असलेल्या मेडोज टेलर यांचे किल्ल्यात वास्तव्य होते. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्रात नळदुर्गची हकीकत आली आहे.

हा बांध मुख्य किल्ला आणि नदीपलीकडील रणमंडळ हा उपदुर्ग यांना जोडतो. त्याचे पहिले काम संरक्षणाचे. अडविलेले पाणी किल्ल्याच्या कड्याखाली साठून नैसर्गिक खंदक तयार होतो. दुसरे काम पाणीसाठ्याचे आणि तिसरे ये-जा करण्याच्या वाटेचे. या तीन कामांवर चौथे काम, म्हणजे रंजनाचे, चढविलेले आहे. बांधाच्या माथ्यावरून जिन्याने खाली उतरले की आत महिरपी खिडक्यांची जागा लागते. पावसाळ्यात बोरीला भरपूर पाणी आले म्हणजे ते बांधावरील दोन सांडव्यांतून कोसळते. या दोन प्रपातांना लोक ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. महालात बसलेल्याला समोर पाण्याचा पडदा दिसतो, कानावर त्याचा घोष येतो, अंगावर गारवा येतो, परंतु तो भिजत नाही.

असे का घडते, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल. सांडव्यावरून सुटणाऱ्या पाण्याला पुढच्या दिशेने काही वेग असतो. हा वेग सेकंदाला १ मीटर आहे असे धरले, तर २ मीटर खाली पडण्यास लागणाऱ्या सुमारे ०.६४ सेकंदात पाणी भिंतीपासून ०.६४ मीटर पुढे गेलेले असते. पाणी जितके खाली जाते तितके ते भिंतीपासून दूर होत जाते. त्यामुळे खिडकी आणि पाण्याचा पडदा यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. प्रवाह अगदी क्षीण असेल तर मात्र पाणी भिंतीला चिकटून ओघळते. म्हणूनच जलपडद्याला नेहमी भरपूर पाणी लागते.

दुसरा प्रश्न बांधाच्या बळकटीचा. साठलेल्या पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. १० मीटर खोलीवर तो प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १० टन इतका असतो. हा दाब बांध स्वतःच्या वजनाने पेलतो. त्याच्या पोटात पोकळी ठेवणे म्हणजे वजन कमी करणे आणि झिरपण्यास वाट देणे होय. अशी पोकळी सुरक्षित राहावयाची असेल तर पाण्याच्या बाजूला पुरेशी जाड, एकसंध भिंत राखावी लागते आणि सांधे घाणीतील उत्तम मळलेल्या चुन्याने भरावे लागतात. आजच्या मोठ्या दगडी व काँक्रीट धरणांत तपासणीसाठी बोगदे ठेवलेले असतात. त्यांमागचे तत्त्वही हेच आहे. फरक इतकाच की आधुनिक अभियंता तेथे पाझर मोजण्यासाठी जातो आणि आदिलशाही अभियंत्याने तेथे खिडकीत बसून नदी पाहण्याची सोय केली.

तिसरा मुद्दा खाली पडणाऱ्या पाण्याच्या शक्तीचा. १० मीटर उंचीवरून पडलेले पाणी तळाशी सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने आदळते. खाली माती असती तर काही वर्षांतच बांधाचा पाया उघडा पडला असता. बेसाल्टच्या टणक पात्रामुळे हा आघात सोसला जातो. स्थळाची निवड ही स्थापत्याची पहिली पायरी असते, याचा येथे प्रत्यय येतो. ४०० वर्षांहून अधिक काळ हा बांध उभा आहे, हीच त्याच्या रचनेची साक्ष होय.

आधुनिक भित्तिकारंजे : गुण आणि मर्यादा

आजच्या घरगुती भित्तिकारंज्यात उगम आणि शेवट एकच असतो. कुंडातील पाणी पाण्यात बुडवून ठेवलेला लहान विद्युत पंप वर चढवितो आणि तेच पाणी पुन्हा खाली येते. त्यामुळे पाण्याचा खर्च होत नाही, असे विक्रेते सांगतात. हे विधान पूर्णतः खरे नाही. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला १ सेंटिमीटरपर्यंत घटू शकते. ओली भिंत व कुंड मिळून २.५ चौरस मीटर पृष्ठभाग असल्यास या हिशेबाने दिवसाला २५ लीटर पाणी लागते. म्हणजे महिन्याला ७५० लीटर. टँकरवर अवलंबून असलेल्या वस्तीत ही बाब नगण्य म्हणता येणार नाही. बंदिस्त खोलीत किंवा सावलीत हा खर्च बराच कमी होतो.

याच बाष्पीभवनाचा लाभही आहे. १ लीटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता भोवतालच्या हवेतून व पृष्ठभागांतून शोषली जाते. हवा कोरडी असताना हा गारवा चांगला जाणवतो. दमट हवेत तो जाणवत नाही. कोकणापेक्षा मराठवाड्यात भित्तिकारंज्याचा उपयोग अधिक, तो यामुळेच.

दुसरी अडचण क्षारांची. वाफ होऊन जाते ती केवळ पाण्याची, त्यातील क्षार मागेच राहतात. दररोज विंधन विहिरीचे २५ लीटर पाणी भरीत गेल्यास, १०० लीटरच्या कुंडात महिन्याभराने ७५० लीटर पाण्यातील क्षार जास्तीचे जमा झालेले असतात. दगडावर पांढरे डाग पडतात, पंपाची जाळी तुंबते व शेवटी कारंजे बंद पडते. अनेक ठिकाणी हौसेने बसविलेली कारंजी वर्षभरात कुंड्या ठेवण्याची जागा होऊन बसतात, त्याचे एक कारण हे आहे. गच्चीवर साठविलेले पावसाचे पाणी वापरणे आणि कुंडातील पाणी ठरावीक दिवसांनी झाडांना घालून नवे भरणे, हा त्यावरील सोपा उपाय आहे.

तिसरी बाब आरोग्याची. तेच ते कोमट पाणी फिरत राहिल्यास त्यात जंतूंची वाढ होते आणि सूक्ष्म तुषारांवाटे ते श्वासात जाऊ शकतात. २०१० साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील एका रुग्णालयात लिजिओनेला जंतूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची ८ जणांना लागण झाली. तपासाअंती त्याचा उगम दर्शनी दालनातील भित्तिकारंज्यात आढळला. रुग्णालये, वृद्धाश्रम व प्रसूतिगृहे येथे अशी कारंजी बसविण्यापूर्वी या घटनेचा विचार होणे आवश्यक आहे. वाहत्या गोमुखात आणि फिरत्या पाण्यात हा महत्त्वाचा भेद आहे.

पाण्याच्या हिशेबाची तुलना

तुळजापूर आणि नळदुर्ग येथील रचनांचा एकत्रित विचार केला असता एक समान सूत्र हाती येते. गोमुखातून वाहते ते डोंगराने आपणहून सोडलेले पाणी. नर-मादीतून कोसळते ते बांध भरून उरलेले पाणी. दोन्ही ठिकाणी शोभेसाठी पाणी वेगळे काढलेले नाही. पाणी आपल्या वाटेने जातच होते, वास्तुकाराने त्या वाटेवर एक मुख आणि एक भिंत ठेवली. पाणी पाहिले गेले, ऐकले गेले, अंगावर घेतले गेले आणि पुन्हा आपल्या वाटेने पुढे गेले.

यातूनच दुसरे सूत्र निघते. अशी वास्तू हा पाणीस्थितीचा निर्देशांक असतो. धार बारीक झाली की डोंगरातील ओल कमी झाली असे समजावे. नर-मादी वाहिले नाहीत तर ते वर्ष तुटीचे समजावे. आता बोरी नदीवर नळदुर्गच्या वरच्या अंगाला आधुनिक धरण आहे. ते भरून वाहू लागल्यावरच किल्ल्यातील प्रपात सुरू होतात. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी पर्यटकांची गर्दी उसळते आणि तुटीच्या वर्षी बांध मुका राहतो. शेतीसाठी व पिण्यासाठी वरचे धरण अपरिहार्य आहे, याविषयी दुमत नाही. परंतु किल्ला पाहणाऱ्याला ही साखळी समजावून सांगितली, तर पाणीमहाल केवळ छायाचित्राची जागा न राहता जलसाक्षरतेची शाळा होऊ शकेल.

झऱ्यांच्या बाबतीत चिंता अधिक आहे. डोंगरमाथ्यावर व उतारावर खोल विंधन विहिरी घेतल्या गेल्या, की वरच्या थरांतून आडवे वाहणारे पाणी त्या छिद्रांतून खालच्या थरांत उतरते किंवा पंपाने वर ओढले जाते. उतारावरचे पाझर त्यामुळे आटतात. मग गोमुखातून नळाचे पाणी सोडण्याची वेळ येते. तसे झाल्यास आकार तोच राहतो, पण त्याचा अर्थ निघून जातो.

जतनासाठी काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

१) जुन्या जलवास्तूंची दुरुस्ती चुन्यानेच व्हावी. सिमेंटचा थर घट्ट असल्याने आतील ओल अडकते व क्षार दगडाचा पृष्ठभाग सोलून काढतात.

२) बांधाच्या सांध्यांत उगवणारी वड-पिंपळाची रोपे लहान असतानाच मुळासकट काढावीत. मूळ जाड झाल्यावर ते उपटणे म्हणजे दगड हलविणे होय.

३) प्रपात सुरू असताना निसरड्या दगडांवरील गर्दीचे नियमन करावे. पर्यटकांची सुरक्षितता आणि वास्तूची सुरक्षितता हे दोन वेगळे विषय नाहीत.

४) तीर्थांच्या व झऱ्यांच्या पाणलोट क्षेत्राची आखणी करून तेथे खोल विंधन विहिरींना आळा घालावा आणि माथ्यावर चर व झाडे यांद्वारे पाणी मुरविण्याची कामे घ्यावीत.

५) सार्वजनिक इमारतींत नवे भित्तिकारंजे बसविताना त्याचे पाणी कोठून येणार व कोठे जाणार, हे आराखड्यातच नमूद करावे. पावसाळ्यापुरते, छतावरील पाण्यावर चालणारे कारंजे या जिल्ह्याला अधिक शोभेल.

६) जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल व इतिहास विभागांनी गोमुखाच्या धारेची आणि नर-मादी वाहण्याच्या दिवसांची दरवर्षी नोंद ठेवावी. अशी नोंद २० वर्षे सातत्याने झाल्यास तिचे मोल कोणत्याही उपकरणापेक्षा कमी असणार नाही.

निष्कर्ष

भिंतीवरील कारंजे ही परकी किंवा केवळ नव्या काळाची हौस नाही. धाराशिव जिल्ह्याच्या भूमीत तिची मुळे श्रद्धेच्या रूपाने तुळजापुरात आणि अभियांत्रिकीच्या रूपाने नळदुर्गात रुजलेली आहेत. या दोन्ही वास्तूंनी कोरड्या प्रदेशात पाण्याचा आनंद घेण्याची एक मर्यादा घालून दिली आहे. आधी साठा, मग गरज आणि उरलेल्या पाण्याची शोभा, अशी ती मर्यादा होय. दुष्काळी जिल्ह्यात शोभेचे पाणी असावे काय, या प्रश्नाचे उत्तर यातच सामावलेले आहे. जे पाणी आपल्या वाटेने जाताना क्षणभर दिसावे म्हणून थांबविले जाते, ते शोभेचे असूनही वाया जात नाही. जे पाणी दुसऱ्याच्या घागरीतून काढून भिंतीवर चढविले जाते, त्याने मात्र कितीही सुंदर भिंत शोभत नाही. गोमुख आणि पाणीमहाल यांचे जतन करणे म्हणजे दोन प्राचीन वास्तू राखणे एवढेच नसून, पाण्याकडे पाहण्याची ही विवेकी दृष्टी पुढच्या पिढीच्या हाती सोपविणे होय.